वाडीत रात्री कोण येते? नवशिक्यांसाठी कॅमेरा ट्रॅप आणि रात्रीच्या निरीक्षणाची ओळख

सकाळी पाहावे तर पिकत आलेली पपई एका बाजूने पोखरलेली असते, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यावर बियांनी भरलेली विष्ठा पडलेली असते आणि सुरणाच्या वाफ्यात हातभर खड्डा झालेला असतो. हे कोणी केले याबद्दल घरातल्या प्रत्येकाचा संशय निराळा असतो. कोणी वटवाघळाचे नाव घेतो, कोणी माकडाचे, तर कोणी शेजारच्या बोक्याचे. खरा पाहुणा कोण हे शोधणे फारसे अवघड नाही आणि आता ते फारसे महागही राहिलेले नाही. सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीत मी गेली काही वर्षे हा उद्योग करतो आहे, आणि त्यात जे शिकलो ते बहुतेक चुका करूनच शिकलो. ज्यांच्या घरामागे लहानशी वाडी, आगर किंवा बंगल्याची बाग आहे आणि ज्यांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप चित्र घेणारा कॅमेरा, कधी हातात घेतलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे: प्राण्याला आपल्या कॅमेऱ्यापुढे ओढून आणायचे नसते, तर तो ज्या वाटेने रोज येतोच आहे ती वाट आपण ओळखायची असते.

पहिली पायरी: दिवसा जमीन वाचणे

कॅमेरा विकत घेण्याआधी किमान आठवडाभर फक्त हिंडावे. सकाळी सात ते आठची वेळ उत्तम, कारण त्या वेळी ऊन तिरपे असते आणि मातीतला लहानसा खळगाही सावलीमुळे उठून दिसतो. कुंपणाच्या वईखाली एखाद्या ठिकाणी गवत दबून घळीसारखी वाट झालेली असेल, तर तिथे वाकून काट्यांना अडकलेले केस शोधावेत. पाणंदीचा कोपरा, गडग्याला पडलेले खिंडार, विहिरीकडून परसाकडे येणारी पायवाट, मांगराची, म्हणजे वाडीतल्या खोपट्याची, मागची भिंत या जागा प्रत्येक वाडीत असतात आणि रात्रीची बहुतेक रहदारी त्यांवरूनच चालते. प्राण्यांनाही काटेकुटे तुडवत जाण्याची हौस नसते. मोकळी वाट मिळाली की ते तीच धरतात. १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलांत एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाटेत तार ताणून वाघांना स्वतःचेच छायाचित्र काढायला लावले, तेही वाघांच्या नेहमीच्या वाटा त्याला ठाऊक होत्या म्हणून.

विष्ठा हा सर्वांत बोलका पुरावा असतो. उदमांजर, ज्याला कोकणात कांडेचोर म्हणतात, ते एखादा उंच दगड, आडवे पडलेले खोड किंवा गडग्याचा माथा पसंत करते आणि पुन्हा पुन्हा तिथेच येते. त्याच्या विष्ठेत भेरली माडाच्या, पपईच्या किंवा चिकूच्या बिया जवळजवळ अखंड दिसतात, कारण हा प्राणी फळ चावण्यापेक्षा गिळण्यावर भर देतो. (नावाबाबत थोडी सावधगिरी बाळगावी, काही भागांत उदमांजर हाच शब्द पाण्यातल्या पाणमांजरालाही वापरतात, त्यामुळे शेजाऱ्याने ‘काल उदमांजर पाहिले’ असे सांगितले तर कुठे पाहिले हे आधी विचारावे.) साळिंदर आले असेल तर काळे-पांढरे काटे सापडतात, कंद उकरलेले असतात आणि कोवळ्या माडाच्या बुंध्यावर छिन्नीने तासावे तसे दातांचे पट्टे दिसतात. रानडुकराची उकर मात्र लपत नाही. त्याने अख्खा वाफाच नांगरलेला असतो.

वाटेचा अंदाज आला की राखेचा पट्टा टाकावा. चुलीतली राख किंवा चाळणीने चाळलेली कोरडी माती घेऊन वाटेवर दोन फूट रुंदीचा पट्टा अर्धा बोट जाडीने पसरावा, लाकडी फळीने सारखा करावा आणि सकाळी कोंबड्या सोडण्यापूर्वी जाऊन पाहावा. मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात चार बोटे असतात आणि नखे उमटत नाहीत. कुत्रा आणि कोल्हा यांच्या ठशात चार बोटांपुढे नखांचे टोचे असतात, त्यातही कोल्ह्याचा ठसा लांबट आणि नीटस असतो. उदमांजराच्या ठशात पाच बोटे आणि त्यामागे लांबट तळवा दिसतो. सशाचे मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, आणि हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ससा उलटा चालला असे हमखास वाटते. पहिल्या वर्षी मी आमच्या बेड्याजवळ, म्हणजे वाडीच्या फाटकाजवळ, असा पट्टा टाकला होता. सकाळी त्यावर गोल तळव्याचे जाड ठसे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना खराट्याने ओढावे तशा बारीक रेघा होत्या. त्या रेघा साळिंदराच्या लोंबत्या काट्यांच्या होत्या हे समजायला मला दोन दिवस लागले, पण त्यानंतर कॅमेरा कुठे बांधायचा याबद्दल शंका उरली नाही.

दुसरी पायरी: यंत्र निवडणे

कॅमेरा ट्रॅप म्हणजे जलरोधक डबीत बसवलेला लहान कॅमेरा. त्याच्या पुढच्या बाजूला उष्णतेतला फरक ओळखणारा संवेदक असतो. आसपासच्या हवेपेक्षा आणि जमिनीपेक्षा अधिक उबदार असे काही त्याच्यासमोरून सरकले की कॅमेरा जागा होतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किंवा जेमतेम दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चित्र घेतो. म्हणूनच रात्रीची चित्रे कृष्णधवल असतात. संवेदकाच्या या स्वभावातून तीन गोष्टी निघतात आणि त्या माहीत नसल्याने नवशिक्यांचे पैसे वाया जातात. पहिली, साप आणि बेडूक यांचे शरीर हवेइतकेच थंड-गरम असल्याने ते सहसा टिपले जात नाहीत. मेमरी कार्ड रिकामे आहे म्हणून वाटेवर नाग फिरला नाही असे समजू नये. दुसरी, मे महिन्याच्या उकाड्यात हवा आणि अंग यांतला फरक कमी होतो आणि डिसेंबरात सात-आठ मीटरवरून चालणारा संवेदक तेव्हा जेमतेम निम्म्या अंतरावर चालतो. तिसरी, खिडकीच्या काचेतून ही उष्णता आरपार जात नाही, त्यामुळे घरात बसून काचेमागे कॅमेरा ठेवण्याची कल्पना कितीही सोयीची वाटली तरी ती निरुपयोगी आहे.

खरेदी करताना डब्यावर छापलेल्या मेगापिक्सेलला भुलू नये. स्वस्त कॅमेऱ्यांत तो आकडा बहुधा लहान चित्र फुगवून मिळवलेला असतो. त्याऐवजी संवेदक जागा झाल्यापासून चित्र निघेपर्यंत किती वेळ जातो हे विचारावे. अर्ध्या सेकंदापेक्षा कमी असेल तर चांगले, एक सेकंदाहून अधिक असेल तर तुमच्याकडे शेपट्यांचा मोठा संग्रह तयार होईल. दुसरा प्रश्न दिव्यांचा. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबपर्यंत पोहोचतात, पण अंधारात विडीच्या टोकासारखे मंद लाल दिसतात; ९४० नॅनोमीटरचे दिवे आपल्याला मुळीच दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. लहान वाडीत अंतर तीन-चार मीटरच असते, म्हणून मी दुसरा प्रकार घ्यायला सांगेन. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्याही तो लक्षात येत नाही, आणि कॅमेरा चोरीला जाणे ही कल्पनेतली भीती नाही.

ज्यांच्याकडे अंगणाचा सीसीटीव्ही आधीच आहे त्यांनी नवा खर्च करण्यापूर्वी त्याची रात्रीची नोंद तपासावी. त्याच्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि त्याचे जाळे भिंगासमोर पांढऱ्या दोरखंडासारखे लोंबते. पण आठवड्यातून एकदा कुंचा फिरवला तर ते चालून जाते.

तिसरी पायरी: बांधणी

बहुतेक चुका इथेच होतात. माणूस कॅमेरा स्वतःच्या छातीइतक्या उंचीवर बांधतो आणि मग साळिंदराची फक्त पाठ दिसते. मांजर, ससा, साळिंदर यांच्यासाठी गुडघ्याच्या थोडे खाली, म्हणजे जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर भिंग असावे आणि ते जमिनीला समांतर असावे. वाटेपासून अंतर अडीच ते चार मीटर ठेवावे. वाटेला काटकोनात रोखलेला कॅमेरा प्राण्याला चटकन ओळखतो, पण तोवर तो चौकटीबाहेर जातो. वाटेच्या सरळ रेषेत रोखलेल्या कॅमेऱ्याला अंगावर येणारा प्राणी उशिरा कळतो, कारण संवेदकाला आडवी हालचाल अधिक चांगली समजते. म्हणून वाटेला तिरपा, साधारण ४५ अंशांत कॅमेरा ठेवणे हा मधला मार्ग आहे. भिंगाचे तोंड शक्यतो उत्तरेकडे करावे, म्हणजे उगवतीचे आणि मावळतीचे ऊन समोरून येत नाही.

बांधून झाल्यावर कॅमेऱ्यासमोर स्वतः चार पायांवर चालून पाहावे. शेजारी हसतील, त्याला इलाज नाही. याच वेळी समोरचे गवत, लोंबणाऱ्या फांद्या आणि विशेषतः केळीची पाने काढून टाकावीत. माझ्या पहिल्या रात्रीच्या कार्डावर चारशेच्या वर चित्रे होती, आणि उन्हाने तापलेले एकच केळीचे पान त्या सगळ्यांत वेगवेगळ्या कोनांतून हलत होते.

तारीख आणि वेळ आधी लावावी. हे काम नंतर करू म्हणून राहिले की वर्षभराच्या नोंदी निरर्थक होतात. प्रत्येक वेळी सलग तीन चित्रे घेण्याची सोय चालू ठेवावी, दोन नोंदींमध्ये दहा-पंधरा सेकंदांचे अंतर ठेवावे आणि कार्ड संगणकावर न पुसता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. बॅटऱ्या सगळ्या एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात. पुन्हा चार्ज होणाऱ्या साध्या बॅटरीचा दाब १.२ व्होल्ट असतो, तर अल्कलाइनचा १.५, काही कॅमेरे कमी दाबावर दिवसा व्यवस्थित चालतात आणि रात्री दिवे पेटवायची वेळ आली की बंद पडतात. दिवसाची चित्रे भरपूर आणि रात्रीचे एकही नाही असे झाले तर आधी बॅटरीवर संशय घ्यावा. प्राणी फार जवळून जात असल्याने चित्र पांढरे फटक येत असेल, तर दिव्यांच्या काही भागावर औषधाच्या दुकानात मिळणारी पांढरी चिकटपट्टी लावावी.

मग कॅमेरा दहा दिवस तसाच सोडावा. रोज जाऊन कार्ड काढण्याचा मोह अनावर असतो हे मला कबूल आहे, परंतु आपला वास त्या वाटेवर रोज ताजा राहिला तर सावध जनावर वाट बदलते.

चौथी पायरी: चित्रातला प्राणी ओळखणे

रंग नसल्याने अंगावरची नक्षी आणि शेपटी यांवर भिस्त ठेवावी लागते. सर्वांत जास्त घोटाळा दोन मांजरांत होतो, जी खरे तर मांजरे नाहीतच. उदमांजराचा चेहरा काळपट बुरखा घातल्यासारखा असतो, शेपटी लांब आणि एकसारखी गडद असते, आणि ते झाडावर सहज चढते. जवादी मांजराच्या, म्हणजे कस्तुरी मांजराच्या शेपटीवर गडद-फिकी वलये असतात, पाठीवर लांब पट्टे आणि बाजूंना ठिपके असतात, आणि ते बहुतेक जमिनीवरच दिसते. फोटोत नुसती शेपटी आली तरी वलये आहेत की नाहीत एवढ्यावरून निकाल लागतो. वाघाटी घरातल्या मांजरापेक्षाही लहान असते, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी ती एक आहे, आणि तिचे चित्र मिळाले तर आपण भाग्यवान आहोत असे समजावे.

उदमांजराची चाहूल नाकालाही लागते. शिजलेल्या बासमती भातासारखा वास मध्यरात्री परसात आला आणि घरात चूल पेटलेली नसली, तर जवळच कुठेतरी ते खूण करून गेले असण्याची शक्यता बरीच असते. फणस आणि चिकू पिकण्याच्या दिवसांत ते एकाच झाडावर ओळीने अनेक रात्री येते. ते माळ्यावर, कौलांखाली पिल्ले घालते. अशी पिल्ले सापडली तर त्यांना हात न लावता दिवसा वावर कमी करावा. पिल्ले चालती झाली की आई बहुधा त्यांना घेऊन निघून जाते.

पाचवी पायरी: स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे

कॅमेऱ्याने वेळ सांगितली की मगच जागण्यात अर्थ आहे. पडवीचे दिवे बंद करून खुर्ची भिंतीला टेकवून बसावे, म्हणजे आपली आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसत नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एक नजर टाकली की ते सगळे वाया जाते. हातातल्या विजेरीवर (टॉर्चवर) लाल जिलेटीन कागद बांधावा. रात्री फिरणाऱ्या बहुतेक सस्तन प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. प्रकाश थेट अंगावर न टाकता शेजारच्या झाडावर टाकावा, डोळे चमकले तर तिथेच थांबावे. ही चमक डोळ्याच्या पडद्यामागच्या परावर्तक थरामुळे येते.

साळिंदर चांदण्यात उघड्यावर यायला कचरते, म्हणून त्याच्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून अमावस्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात. ते दिसण्याआधी ऐकू येते: वाळक्या पानांवर जड पावले आणि मध्येच पोकळ काट्यांची खुळखुळ. साळिंदर काटे फेकून मारते ही समजूत चुकीची आहे. ते पाठ करून मागे धावते आणि सैल काटे रुतून राहतात. कुत्र्याला त्या रात्री बांधून ठेवणे त्याच्याच हिताचे असते.

नेहमीच्या कॅमेऱ्याने चित्र काढायचे असेल तर झगझगीत फ्लॅशचा नाद सोडावा; घुबडाच्या तोंडावर फ्लॅश मारणे तर सर्वस्वी टाळावे. वाटेच्या जवळ पिवळसर प्रकाशाचा मंद दिवा आठवडाभर रोज संध्याकाळी लावून ठेवला की प्राणी त्याला सरावतात. कॅमेरा तिपाईवर, फोकस आधीच हाताने वाटेवरच्या एका दगडावर लावलेला, भिंगाचे तोंड जास्तीत जास्त उघडे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, आणि वेग सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास ठेवून, जनावर थांबेल तेव्हाच बटण दाबावे. उदमांजर चालताना दर काही पावलांवर थबकून हवेचा वास घेते. तो एक क्षण पुरतो. मोबाइलची रात्रीची सोय स्थिर देखाव्यासाठी असते, चालत्या प्राण्याचा तिच्यात धुराचा लोट होतो.

अन्न ठेवावे का?

ठेवू नये. मांस, मासळीचे डोके, गूळ, पिकलेली केळी असे काहीही आमिष म्हणून ठेवू नये, आणि हे केवळ माझे मत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवण्याचाही समावेश आहे. त्याशिवाय अन्नाने आधी भटके कुत्रे येतात, त्यांच्यामागे कोकणात आणि घाटाखाली बिबट्या येऊ शकतो. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर घुबडाचा आवाज लावणेही अयोग्य आहे, विशेषतः वीणीच्या काळात. पाणी मात्र ठेवता येते. मार्च ते मे या काळात मातीचा उथळ परळ जमिनीवर ठेवून त्यात एक-दोन दगड टाकावेत, म्हणजे सरडे आणि मधमाश्या बुडत नाहीत, आणि पाणी रोज बदलावे, नाहीतर डासांची सोय होते. उंदरांसाठी विष घालणे थांबवावे; विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने उचलला की तेही मरते, आणि मग उंदीर आणखी वाढतात.

जिवाची काळजी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसे भरपूर आहे आणि मण्यार रात्रीच हिंडते, म्हणून अंधारात कॅमेऱ्याकडे जाण्याचे काहीच कारण नाही. कार्ड उजेडात, बूट घालून आणि काठीने पुढचे गवत हलवतच काढावे. कॅमेऱ्याची डबी उघडण्याआधी ती मागून पाहावी, कारण तिच्या उबेला मुंग्या अंडी घालतात आणि पाल तर हमखास असते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या बिबट्यांचा वावर असलेल्या उसाच्या पट्ट्यात किंवा मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांनी उघड्या पडवीत बसून निरीक्षण करण्याची पायरी सरळ वगळावी आणि कॅमेऱ्यावरच समाधान मानावे. चित्रात बिबट्या आला तर परसात लहान मुलांना संध्याकाळनंतर एकटे सोडू नये, आणि जखमी किंवा अडकलेला कोणताही प्राणी दिसला तर स्वतः हात न घालता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

नोंदी आणि नंतरची कामे

एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, तिथी, कोणते झाड फळावर आहे, आणि चित्रातला प्राणी एवढे लिहिले तरी दुसऱ्या वर्षी त्या वहीला किंमत येते. काजूची बोंडे पडू लागली की आमच्याकडे कोण आधी येते हे मला आता वहीच सांगते. ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर चित्र टाकून विचारता येते. खवले मांजराचे चित्र मिळाले तर मात्र गावाचे नाव कोठेही उघड करू नये, व्हॉट्सअॅपच्या गटावर तर मुळीच नाही; खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते आणि शिकारी असले फोटो आवडीने पाहतात. कॅमेऱ्याच्या चौकटीत शेजाऱ्याचे अंगण किंवा पाणवठ्याची वाट येत असेल, तर कोन बदलावा किंवा आधी त्यांना विचारावे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कॅमेरा उतरवतो. डबी जलरोधक असली तरी कोकणातल्या पावसात दमट हवा रबरी कडेतून आत शिरते आणि भिंगावर बुरशी धरते. बॅटऱ्या बाहेर काढून, मुंग्यांची अंडी कुंचल्याने झाडून, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसोबत तो ठेवावा. परतीचा पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा आधी राख पसरावी आणि मग कॅमेरा बांधावा, कारण जवळजवळ पाच महिन्यांत गवताने जुन्या वाटा मिटवलेल्या असतात आणि साळिंदराने तोवर गडग्याला दुसरेच खिंडार शोधलेले असते.